तिसऱ्यांदा विचारल्यावर

पडदा वर जातो तेव्हा समोर पाली गावातलं एक अंगण आहे. डिसेंबरमधलं दुपारचं ऊन, जाणत्या माणसानं दिवे लावावेत तसं, कुणाच्या डोळ्यांत न जाता सगळीकडं पसरलेलं. डाव्या बाजूला बाजेवर गोधडी पांघरून हरिबा बसलेत, वय ऐंशीच्या घरात. उजवीकडून त्यांची सून वनिता येते. अंगणवाडीतल्या पोरांना खिचडी वाढून आत्ताच आलीय, पदराला हळद लागलेली. ती उंबऱ्यावर टेकते, मोबाइल तांब्याला टेकवून उभा करते, आणि काचेवर लेकीचा चेहरा येतो.

पंचशीला तिची थोरली. सरकारी शिष्यवृत्तीवर मातीचं शास्त्र शिकायला जर्मनीत गेली, त्याला तीन महिने झाले. आता तिथं नाताळची सुट्टी लागली होती. दोन स्वेटर घालून पोरगी पलंगावर बसली होती, आणि तिच्या मागच्या खिडकीत आत्ता कुठं उजाडत होतं.

"घसा कावून बसला गं? सर्दी झाली का?"

"सर्दी नाही. काल तुझ्याशी बोलले ना, त्यानंतर तोंडच उघडलं नाही मी."

चार मजली वसतिगृह, त्यात सगळी पोरंपोरी घरी गेलेली. पंचशीलाच्या मजल्यावर ती एकटी. खोल्यांपुढच्या बोळातला दिवा माणूस चालला की आपोआप लागतो आणि थांबला की विझतो. ती चहाला उठेल तेव्हाच तिथं उजेड. बाहेर गुडघाभर बर्फ. चार वाजता अंधार. उद्या दुपारपासून दुकानं बंद, बसही बंद, ते तीन दिवस.

"अन् ती तुज्यासंगं शिकनारी लेना? तिनं घरी बोलावलं होतं म्हनलीस."

"बोलावलं होतं. मी नको म्हणले."

"मंग?"

"मग काय, बरं म्हणाली अन् गेली."

"परत न्हाई इच्यारलं?"

"आई, इथं परत विचारत नाहीत. आपण नको म्हणलं की त्यांना ते खरंच वाटतं."

"मंग ही मानसं जेवतात तरी कशी, बाई?"

दोघी हसल्या. पंचशीलाचं हसू आधी संपलं.

वनिताला तो दिवस लख्ख आठवला. पोरगी सात वर्षांची होती. शेजारच्या घरी विमलबाईंनी करंजीचं ताट पुढं केलं आणि या बयेनं पहिल्याच शब्दाला हात घातला. वनितानं मागून असा चिमटा काढला की दंडावर चार दिवस निळं राहिलं. घरी येऊन शिकवलं: पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा पोट भरलंय म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारल्यावर हात पुढं करायचा. तशी ही रीत सगळ्या गावाची. वाढणाराही ती जाणून असतो, म्हणून तो ताट मागं घेत नाही.

पण या घरात ती नुसती रीत नव्हती. हरिबा लहानपणी आईच्या मागं टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जायचे. दारापासून लांब उभं राहायचं, हाळी द्यायची, आतून येईल ते वरून टोपलीत पडायचं. छप्पन साली धम्म घेतला, त्याच हप्त्यात त्यांच्या वडलांनी ती टोपली चुलीत घातली. तेव्हापासून या घरातलं कुणी कुणाच्या दारात अन्नासाठी उभं राहिलं नाही. लग्न होऊन केजहून आलेल्या वनिताला पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं गेलं होतं, आणि तिनं ते लेकीत जसंच्या तसं उतरवलं होतं.

"तिला फोन कर," वनिता म्हणाली.

"काय म्हणू? मला जेवायला बोलवा म्हणू? तूच सांग."

अंगणवाडीत 'नको' म्हणणाऱ्या पोराच्या ताटात वनिता न विचारता वाढायची. इथून हात कुठवर पोहोचणार? स्वतःच लावलेली कडी होती, आणि लेक तिच्या आत बसली होती, दोन स्वेटर घालून.

"काय म्हनती पोरगी?" बाजेवरून हरिबांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"एकदा नको म्हनलं ना? मंग आता आपल्या तोंडानं मागायचं न्हाई. तीन दिवस हायेत, निघून जातील."

पंचवीस वर्षांत वनितानं सासऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आत्ताही तिनं पदर सावरला, मग बोलली.

"मामा, तुमाला दारात कुनी बोलावलं नव्हतं. हिला बोलावलंय. ताट धरून हुबी हायेत ती मानसं, अन् आपुनच दार लावून घेतलं."

"मागनं ते मागनं," हरिबा म्हणाले.

"असंल. पन तिचा घसा बसलाय, मामा. न बोलून बसलाय."

गोधडी सारखी करून म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ही परवानगी होती की राग, ते वनिताला कळलं नाही. विचारायला तिला धीरही झाला नाही.

तिकडं पंचशीला मान खाली घालून मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. लिहून झालं तसं तिनं मराठी करून वाचलं. "लेना, त्या दिवशी मी नको म्हणाले, पण मला यायचं होतं. अजून चालेल का?"

"वाईट दिसतंय ना? हावरटासारखं?"

"न्हाई."

"आबा काय म्हणाले?"

वनितानं एकदा बाजेकडं पाहिलं. म्हाताऱ्याची पाठ हलली नाही.

"आई, माझा अंगठाच पुढं होईना. पाठवू का?"

वनितानं मोबाइल तांब्यापासून उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"पाठव, माय. अन् आदी नको कावून म्हनलीस असं त्यांनी इच्यारलं, तर सांग, आमच्या आईनं चुकीचं शिकवलं होतं."