हेल्मेटातले प्रेसिडेंट

"चल, बसून बोलू," असं म्हणाले की सर खुर्चीतून उठायचे आणि चालायला लागायचे. आपण मागून पळायचं.

वॉलॉंगॉंगजवळच्या एका छोट्याशा कॉलेजचे ते प्रेसिडेंट, म्हणजे आपल्याकडचे प्राचार्य. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचो. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांचा प्रिंटर जरा जास्तच बिघडायचा.

सर मूळचे नाशिकचे. तत्त्वज्ञान शिकायला आले आणि तेच शिकवत राहिले. प्रेसिडेंट कसे झालात, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "निवडीच्या मीटिंगला मी एकटाच गैरहजर होतो."

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, असले आमचे विषय. पालक विचारायचे, नोकरी कुठे लागेल? सर शांतपणे सांगायचे, "कल्पना नाही. पण नोकरी गेली तर मुलगी घरात कंटाळणार नाही." गंमत म्हणजे लोक ॲडमिशन घ्यायचे.

वसंतात इथले मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीने माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या आवारातला मात्र फक्त सरांवरच चालून यायचा. मग ते सायकलचं हेल्मेट घालून हिंडायचे. त्यावर पक्ष्याला दूर ठेवायला साळिंदराच्या काट्यांसारखे प्लास्टिकचे केबल टाय उभे केलेले.

त्याच दिवसांत कॉलेजचा कारभार बघणारं बोर्ड तत्त्वज्ञानाचा विभाग बंद करायला आलं. विद्यार्थी फारच कमी होते. सकाळी सर मला म्हणाले, "आज माझ्याकडे एकही मुद्दा नाही रे." हे त्यांनी खरंच बसून सांगितलं.

बोर्डापुढेही ते सवयीने "बसून बोलू" म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडले. हेल्मेट एकट्या सरांच्या डोक्यावर. पक्ष्याने अर्थातच बोर्डाच्या अध्यक्षबाई निवडल्या. सगळे धावत समोरच्या वर्गात घुसले. तिथे नेमका तत्त्वज्ञानाचा तास चालू होता. पक्षी बाहेर पायरीवर बसून राहिला.

"दुष्ट आहे हा पक्षी," बाई धापा टाकत म्हणाल्या.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "त्याला दुसरा पर्याय होता का?"

झालं. बाई निवृत्त वकील, त्या सोडतायत होय! सगळी आर्वो, म्हणजे इथली दुपार, त्या वादात गेली. पक्षी कधी उडाला ते कुणालाच कळलं नाही. निघताना बाईंनी सरांना हळूच विचारलं, "पुढचा तास कधी असतो?"

विभाग राहिला. सर म्हणाले, "मुद्दा शेवटी पाखरानेच मांडला."

निवृत्त होऊन ते स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलीकडे गेले. त्यांच्यामागे प्रिंटर अगदी ठणठणीत आहे. परवा न राहवून मी फोन केला.

"नात पोहायला शिकवतेय मला," सर म्हणाले. "फार कडक आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला 'ढ' समजतंय, बरं वाटतं."

मागून आवाज आला, "आबा, फेस इन द वॉटर!"

"ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी त्यांच्या मुलीने फोटो पाठवला. सरांनी दोन्ही हातांनी पोहण्याच्या तलावाचा काठ घट्ट धरलाय, आणि शेजारी नात पाण्यात बुडबुडे काढून दाखवतेय. सर अगदी लक्ष देऊन बघतायत.