आत्याच्या नावाला संदर्भ

पांढुर्ण्याच्या शाळेत मी मराठी शिकवते. हे सांगितलं की नागपूरकडचे पाहुणे हमखास विचारतात, "तिकडं मराठी चालतं?" चालतं कसलं, धावतं. घरात, बाजारात, संत्र्याच्या मंडीत आमचं मराठीच असतं. फक्त कागदावर येताना त्याचं हिंदी होतं. जिल्हा मध्य प्रदेशात, म्हणून सरकारी कागद हिंदी, गावातले पेपर हिंदी, उद्घाटनाच्या पाट्याही हिंदी. नागपूरच्या मराठी पेपरांना आम्ही परक्या राज्यातले. आमच्याबद्दल मराठीत कुणी काही छापतच नाही.

म्हणून तर मला इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाची हौस आली. तो कुणीही लिहू शकतो, कुणीही दुरुस्त करू शकतो, असं एका कार्यशाळेत सांगितलं होतं. ‘कुणीही’ या शब्दावर मी भाळले. घरी येऊन पाहिलं तर पांढुर्ण्यावर चार ओळी, मोहगाववर दोन, आणि तिगाव स्टेशनापलीकडच्या आमच्या मूळ गावावर अवाक्षर नाही. मी पदर खोचला आणि आमच्या गावाचा लेख लिहायला घेतला.

लोकसंख्या, नदी, संत्र्याच्या बागा हे सगळं झालं. मग ‘वाचनालय’ असा एक भाग केला. खरं सांगायचं तर सगळा लेख मी त्या एका भागासाठीच लिहीत होते.

ते वाचनालय माझ्या आत्यानं सुरू केलं. आत्या शेतमजूर, शाळेचं तोंड न पाहिलेली. माझे वडील नोकरीसाठी पांढुर्ण्याला आले तेव्हा त्यांच्या पुस्तकांची लोखंडी पेटी तिच्या पडवीत राहिली. तिनं पेटी उघडी ठेवली आणि वस्तीत सांगून टाकलं, ज्याला पाहिजे त्यानं पुस्तक न्यावं, फक्त नेण्याआधी एक पान मला वाचून दाखवावं. बस, एवढाच नियम. माझं वाचन सुट्ट्यांत त्या पडवीतच सुधारलं. मी आळस करून मधल्या ओळी गाळल्या आणि मनानं काही जोडलं की आत्या निवडत असलेल्या तुरीतून मान वर न करता विचारायची, "वाचून राहिली का सांगून राहिली?" अक्षर ओळखीचं नव्हतं तिला, पण वाचणारा आवाज आणि सांगणारा आवाज तिला बरोबर वेगळे कळत. तिला कुणीही कधी फसवू शकलं नाही.

पुढं पेट्या तीन झाल्या, मग पंचायतीनं एक खोली दिली. त्या वेळच्या सरपंचानं फीत कापली आणि दाराशी संगमरवरी पाटी बसली. आत्यानं मला ती वाचायला लावली. "माझं नाव कुठं आहे?" तिनं विचारलं. पाटी लावणारा म्हणाला, "बाई, जागा कमी पडली." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण त्या खोलीत ती पुन्हा गेलीही नाही. आज ती ऐंशीच्या पुढं आहे. तिचं नाव कुठंतरी लिहिलेलं तिनं कानांनी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

लेख टाकला आणि दुसऱ्याच दिवशी आत्याच्या वाक्यापुढं खूण उमटली: संदर्भ हवा. एका संपादकानं ती लावली होती. तोही माझ्यासारखा बिनपगारी, कुठल्या तरी मोठ्या शहरातला. मी चर्चापानावर लिहिलं की ती माझी आत्या आहे, हयात आहे, तिला विचारा, सगळ्या गावाला विचारा. उत्तर आलं: "मौखिक माहिती ग्राह्य नाही. शिवाय आपण नातेवाईक असल्याने आपला हितसंबंध दिसतो. छापील संदर्भ न मिळाल्यास आठवड्याने हा भाग वगळण्यात येईल."

माझं डोकं फिरलं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी आयुष्यभर पाहिले आहेत, शिक्षण खात्यातच नोकरी झाली माझी. पण इथं तर उंटही दिसेना. आत्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं काही लिहून ठेवलं नाही. वस्तीतल्या मजुरांबद्दल लिहायला कुणी पेपरवाला आला नव्हता. ज्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही, त्यांच्याबद्दल लिहायला आधी कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं. हा न्याय मला अजून पचलेला नाही. मी सौंसरच्या ग्रंथालयात दोन रविवार धूळ खाल्ली, पंचायतीचं कपाट उघडायला लावलं. कुठं काही नाही. लिहिलेलं असं एकच होतं, ती संगमरवरी पाटी. तिच्यावर स्वच्छ कोरलेलं, वाचनालयाचा शुभारंभ सरपंचांच्या करकमलांनी.

आठवडा संपत आला. भाग उडाला असता तर वाचनालयच लेखातून गेलं असतं. तेव्हा मी जे केलं ते कबूल करायला जड जातं. मी पाटीचा फोटो संदर्भ म्हणून जोडला आणि वाक्य बदललं: वाचनालय सरपंचांनी सुरू केलं. तात्पुरतं. आधी भाग टिकू दे, मग छापील पुरावा उभा करू, असा माझा हिशेब. संदर्भाची खूण त्याच संध्याकाळी निघाली. संपादकानं धन्यवादही दिले.

पुरावा उभा करायला मी आमच्या बाजारातल्या वार्ताहराकडे गेले. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि एका हिंदी पेपराला तो बातम्या पाठवतो. माझाच जुना विद्यार्थी. त्याला बसवून आत्याची सगळी हकीकत सांगितली, पेटीपासून पाटीपर्यंत. तो मान डोलवत स्क्रू फिरवत होता. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. या आठवड्यात लावून टाकतो."

त्यानं शब्द पाळला. चौथ्या दिवशी अर्धा कॉलम, वर वाचनालयाचा फोटो. मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. पठ्ठ्यानं माझं बोलणं लिहूनच घेतलं नव्हतं. बातमी लिहायला बसला तेव्हा त्यानं ज्ञानकोशातला माझाच लेख उघडला आणि हिंदी करून पाठवला. दूरदर्शी सरपंच, त्यांनी लावलेली ज्ञानाची ज्योत वगैरे. आत्या कुठंच नाही. मी दुकानात जाऊन भांडले तर म्हणतो, "पण मॅडम, नेटवर तसंच लिहून आहे ना!"

मी तडक ज्ञानकोशात जाऊन माझं वाक्य दुरुस्त केलं. दहा मिनिटांत ते पुन्हा जागेवर. आता तिथं दोन संदर्भ झाले होते, पाटी आणि पेपर, आणि खाली शेरा: "संदर्भयुक्त मजकूर हटवू नये." मी लिहिलं की ही चूक माझीच आहे, पेपरानं माझ्यावरूनच उतरवलं आहे. उत्तर आलं, याला पुरावा काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीनदा दुरुस्त केलं, तीनदा परत फिरलं. चौथ्यांदा केलं तेव्हा लेख माझ्यासाठी बंद झाला.

रविवारी आत्याचा निरोप आला. मी दुपारच्या पॅसेंजरनं तिगावला उतरले आणि ऑटो करून गावात गेले. आत्या पडवीतच होती, मांडीवर सूप.

"आली का वं? पेपरात आलं म्हणते लोक आपल्या वाचनालयाचं. मोबाइलातबी आहे म्हणते. वाच बरं मले."

मी चष्मा लावला आणि मोबाइल समोर धरला. आणि वाचायला लागले: "या गावातील वाचनालय एका शेतमजूर स्त्रीने स्वतःच्या घराच्या पडवीत सुरू केले." पुढं तिचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. आवाज कापू दिला नाही. पेटीचं, एका पानाच्या नियमाचं, सगळं आलं त्यात.

सूप थांबलं होतं. मला वाटलं, तिला भरून आलं असेल.

"वाचून राहिली का सांगून राहिली?" आत्या म्हणाली.

 मग मी खाली पाहिलं आणि जे होतं ते वाचलं, सरपंचाच्या नावासकट, अगदी पूर्णविरामापर्यंत.

"हं," ती म्हणाली, "हे वाचलं." मग तिनं विचारलं, "हे लिहिलं कोणं?"

"मीच," मी म्हटलं. "आधी तुझंच नाव लिहिलं होतं आत्या. ते राहू देईनात. म्हणून मग..." मी पाटी, संदर्भ, आठवड्याची मुदत हे सगळं सांगू लागले. माझंच मला ते पटेना, मध्येच थांबले.

आत्यानं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"पाटीवाल्याले मी काई म्हटलं नाई," ती म्हणाली. "तो परका होता. मले तं लिहिता येत नव्हतं पोरी. तुले येत होतं ना?"