तीन पायांचा पाव्हणा

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर व्यायाम हाच उपाय आहे, आणि ज्याला त्याने गुण येत नाही तो व्यायाम चुकीचा करत असणार, असं छातीठोकपणे मानणारी व्यक्ती अख्ख्या बारामती तालुक्यात एकच असेल. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर व्यायाम शिकवला. शाळेनं त्यांना निरोपसमारंभ करून घरी पाठवलं, पण शिट्टी त्यांनी परत केली नाही. ती अजून मंगळसूत्राबरोबर गळ्यात असते आणि दोन्हींचा गुंता झाला की आधी शिट्टी सोडवली जाते. आमच्याकडे डोकं दुखतंय म्हणायची सोय नाही. लगेच हात वर करून खांदे फिरवायला लावतात. माझ्या पोटदुखीवर त्यांनी मला गल्लीत चालवलं आहे, आणि भाऊजींच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, सर्दीवर जिना चढउतार करायला लावला आहे. एकदा गॅसची टाकी आणणाऱ्या माणसानं कंबरेतून वाकून टाकी उचललेली त्यांनी वरच्या गॅलरीतून पाहिली. शिट्टी वाजली. "ठेव खाली. आता गुडघ्यात वाक आणि पुन्हा उचल." त्यानं उचलली, पण तेव्हापासून तो टाकी फाटकाबाहेरच ठेवून फोन करतो.

अशी बाई निवृत्तीनंतर भजनी मंडळात रमणार नव्हतीच. त्यांनी जखमी कुत्री सांभाळायला घेतली. आमच्या भागात ऊसतोड सुरू झाली की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रेलरांची रांग लागते, आणि त्यांच्याखाली येणाऱ्या कुत्र्यांची पण. जनावरांचे डॉक्टर टाके घालून मोकळे होतात. पुढं त्या जिवाला ठेवायचं कुठं, तर आमच्या वरच्या मजल्यावर. आक्का त्याला खाऊपिऊ घालतात, हिंडताफिरता करतात आणि चांगलं घर बघून देऊन टाकतात. कुत्र्याला नाव मात्र देत नाहीत. "नाव दिलं की आपलं होतं. आपल्याला तर द्यायचंय." म्हणून आलेलं प्रत्येक कुत्रं पाव्हणं. तेही आदरार्थी. "पाव्हणं, उठा. पाव्हणं, औषध घ्या." एकदा माझे सख्खे मामा खाली आमच्याकडे चहा घेत बसले होते आणि वरून खणखणीत आवाज आला, "पाव्हणं, जिन्यात घाण केलेली चालणार न्हाय, सांगून ठेवते." मामा कप तसाच ठेवून उठले. त्यांची समजूत घालायला मला वर जाऊन कुत्रं आणून दाखवावं लागलं.

गेल्या हंगामात पिंपळीच्या रस्त्यावर सापडलेला पाव्हणा काळा कुळकुळीत होता. पुढचा उजवा पाय ट्रेलरखाली गेलेला. डॉक्टरांनी तो खांद्यापासून काढला. आणला तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी बघायला गेले आणि सहज बोलून गेले, "बिचारा. आता कसा चालणार हा?" आक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पदर सावरला. "ह्या घरात बिचारा म्हणायचं नाही. त्याला ऐकू येतं. धाकटे, तुला काही करायचंच असेल तर खाली जा आणि मशीनवर बस." मी साड्यांना फॉल-पिको करते, शिवणही करते. त्याला पोटाखालून आधार देऊन चालवायला एक पट्टा हवा होता, रुंद आणि टिकाऊ. आक्कांनी भाऊजींच्या कपाटातून एक जाड पँट काढून माझ्यासमोर टाकली.

"ती मी लग्नाला घालतो," भाऊजी दारातून म्हणाले.

"कुणाच्या?" आक्कांनी विचारलं.

भाऊजींना पटकन कुणाचंच लग्न आठवेना. मी कात्री घातली.

वरच्या मजल्यावर गुळगुळीत टाइल्स आहेत. चार पायांच्या माणसांचंही, म्हणजे जनावरांचं, तिथं काही चालत नाही, मग तीन पायांचं काय चालणार. आक्कांनी बाजारातून बारदान आणून दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरलं. घराला धान्याच्या गोदामाची कळा आली. बारदानाच्या वासात सकाळ-संध्याकाळ कवायत सुरू झाली. एक आखूड शिट्टी म्हणजे उभं राहायचं, एक लांब शिट्टी म्हणजे चालायचं. तो उभा राहायचा, पुढं कलायचा आणि हनुवटीवर आपटायचा. आक्का हात पाठीमागं बांधून बाजूला उभ्या. उचलायच्या नाहीत. "पडू दे. पडल्यावर उठायचं कसं, तेच तर शिकवतेय." शाळेत पोरींना पण असंच शिकवलं असणार. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी बायका आज बारामतीत संसार, नोकऱ्या करतायत आणि अजूनही आक्का समोरून आल्या की पोट आत घेतात.

ह्या वेळी आक्कांना घाई होती. त्यांच्या लेकीचं बाळंतपण पाडव्यानंतर होतं, तेही नागपूरला. म्हणजे आक्का काही महिने तिकडं. त्याच्या आत पाव्हण्याला घर मिळायला हवं होतं. मी आधीच स्पष्ट सांगितलं की खाली लोकांच्या साड्या पडलेल्या असतात, काळे केस चिकटले तर गिऱ्हाईक माझे केस उपटतील. भाऊजींना स्वतःचा चहा करता येत नाही. घर मिळालं नाही तर त्याची परत रस्त्यावर रवानगी होती, आणि तीन पायांवर तो रस्त्यावर किती दिवस टिकला असता हे सगळ्यांनाच कळत होतं. आक्का ते बोलून दाखवत नव्हत्या. फक्त शिट्ट्या वाढल्या होत्या.

तो पट्ट्याशिवाय फाटकापर्यंत जायला लागला आणि तिथंच घोटाळा झाला. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की शनीचा त्रास कमी होतो असं आमच्याकडं मानतात. काळं कुत्रं ऐन वेळी सापडत नाही, सापडलं तर थांबत नाही. आणि इथं आयतं फाटकात बसलेलं, पळून जाऊ न शकणारं, वर अपंग, म्हणजे पुण्य दुप्पट. पहिल्या शनिवारी गल्लीतले आले. मग शेजारच्या गल्लीतले. मग एक जण माळेगावहून मोटारसायकलवर डबा घेऊन आला. कुणी पोळी, कुणी उडदाचे वडे, कुणी तूपगूळ. सगळं गुपचूप, आक्का दुपारच्या पडल्या की. मला मशीनवरून दिसत होतं; मला वाटलं, जातंय पोटात तर जाऊ दे. डॉक्टरांनी पुढच्या वेळी त्याला काट्यावर उभं केलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. सगळा भार पुढच्या एकाच पायावर, आणि त्या पायाचं मनगट खाली दबायला लागलं होतं. हा पाय गेला तर पुढं काही करता येणार नाही, असं ते म्हणाले. येताना गाडीत मी आक्कांना शनिवारच्या पोळ्यांचं सांगून टाकलं. सांगणं भागच होतं, कारण मी पाहिलेलं होतं.

पुढच्या शनिवारी आक्का दुपारी आडव्या झाल्या नाहीत. फाटकात खुर्ची टाकून बसल्या. मागं पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'खायला घालू नये. पुण्य करणाऱ्यांनी चालायला यावं.' पहिले आले ते आमच्याच गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले आबा. साडेसाती चालू, हातात डबा.

"आबा, डबा घरी ठेवून या. ह्याला कालव्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. सावकाश."

"अहो आक्का, पण पोळी घालायची असते. शनीला हे चालतंय का?"

"न चालायला काय झालं? शनी स्वतःच हळू चालणारा देव. त्याला चालणाऱ्यांची जास्त कदर आहे."

आबांना हे शास्त्र पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं, पण शिट्टीपुढं त्यांचंही काही चाललं नाही. ते गेले. त्यांच्यामागून माळेगाववाला गेला. मग सवयच पडली. आपापल्या ग्रहांनुसार लोक वार वाटून घेऊन यायला लागले; मंगळवाले मंगळवारी आले, त्यांनाही आक्कांनी नाही म्हटलं नाही. पाव्हण्याचं पोट आत गेलं, मनगट सरळ झालं. आबांचा सदराही सैल झाला. शनी हलला का ते ठाऊक नाही, पण त्यांची मंडळी मला म्हणाली, रात्रीचं घोरणं थांबलंय.

कुत्रं धडधाकट झालं, पण घर मिळेना. आक्का कुत्र्यासाठी स्थळ बघतात ते मुलीसाठी बघतात तसंच. समोरच्या माणसाला चहा देतात आणि मग त्याच्या गल्लीत जाऊन किराणा दुकानदाराकडं चौकशी करतात. एक बागाईतदार आले, बंगल्याला काळं कुत्रं शोभतं म्हणाले. "शोभेला कुंड्या आणा," आक्का म्हणाल्या. एका बाईंनी फाटकातच डोळ्याला रुमाल लावला आणि मोबाईल काढून त्याच्या खांद्याचे फोटो घ्यायला लागल्या. त्यांना चहासुद्धा मिळाला नाही. एक भला माणूस होता, घर चांगलं, माणसं चांगली, पण जाताना कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बिचाऱ्याला आम्ही मरेपर्यंत बसून खायला घालू." आक्कांनी त्यालाही परत पाठवलं. तेव्हा मात्र मी भांडले.

"आक्का, पाडवा तोंडावर आलाय. बसून खाऊ दे की. तुमचं काय जातंय?"

"माझं नाही जात. त्याचा पाय जाईल." मग हळूच म्हणाल्या, "चुकतंय का गं माझं?"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आक्कांनी मला कधी काही विचारलेलं नव्हतं. सांगितलेलंच होतं.

पोहणं पायाला चांगलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कालव्याला ओढ फार, म्हणून मी रविवारी आक्का आणि पाव्हणा दोघांना गाडीत घालून पळसदेवला न्यायचे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. तिथं काठ मऊ आहे, उतार सावकाश. पाण्यात तो निराळाच व्हायचा. पाय मोजायची गरजच पडायची नाही. आक्का साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहून शिट्ट्या मारायच्या आणि बगळे उडायचे. तिथं एक नवरा-बायको मासे धरायचे. बाई आमच्याच वयाची, इंदापूरच्या बाजारात मासळी विकणारी. दर रविवारी ती जाळं झटकता झटकता नुसती बघायची. एक दिवस तिनं विचारलं,

"बाई, ह्ये राखण करतंय का?"

आक्का सावध झाल्या. "कशाची?"

"वाळवणाची. आमी मासळी वाळत घालतो, कावळं आन् मांजरं लय तरास देत्यात. आमचं जुनं कुत्रं म्हातारं हून गेलं. मला उठबस हुत न्हाय सारखी."

"त्याला तीन पाय आहेत, बघितलंत ना?"

"बघितलं की. कावळ्याला काय धा पाय असत्यात व्हय?" ती म्हणाली. "भुकतंय का, त्ये सांगा."

भुंकतं का हे आम्हाला दोघींनाही सांगता येईना. आमच्याकडं तो कधी भुंकलाच नव्हता. बाईनं टोपलीतले दोन मासे काढून दगडावर ठेवले आणि ती बाजूला झाली. कावळा उतरला. पाव्हणा उठला, एकदा पुढं कलला, सावरला आणि असा काही भुंकला की तिच्या नवऱ्यानं होडीतून मान वर केली. कावळा गेला. पाव्हण्यानं मासळीला तोंड लावलं नाही, बाईकडं पाहिलं.

आक्कांनी तरी लगेच हो म्हटलं नाहीच. बाईच्या झोपडीत जाऊन बसल्या, जमीन हातानं चाचपली. शेणानं सारवलेली, पाय न घसरणारी. जास्त खायला घालायचं नाही हे बजावलं. "जास्तीचं आणू कुठनं?" बाई म्हणाली. मग आक्का माझ्याकडं वळल्या आणि त्यांनी होकाराची मान हलवली. मी पट्टा सोडला. तो पट्टा तसा कधीचाच नुसता अंगावर होता. परतताना आक्का गाडीत पुढं बघत बसल्या. मी आरसा वळवून मागचं दाखवणार होते, त्यांनी हात धरला. "गाडी चालव, धाकटे. नीट चालव." त्याच आठवड्यात त्या नागपूरला गेल्या.

उन्हाळ्यात मी इंदापूरला एका गिऱ्हाइकाकडं गेले होते, येताना पळसदेवला गाडी वळवली. पाणी खूप मागं हटलं होतं, एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, आणि झोपडीही पाण्याच्या मागोमाग पुढं सरकली होती. बाई बाजारात गेलेली. मासळी वाळत पडलेली, आसपास एक कावळा नाही. उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत पाव्हणा झोपला होता. मी हाक मारणार होते, पण माझ्याकडं त्याला मारायला हाकच नव्हती. थोडा वेळ बघत उभी राहिले आणि चपला हातात घेऊन परत फिरले.

संध्याकाळी आक्कांचा फोन आला. नातवाचं झालं, लेकीचं झालं, मग मी सांगितलं.

"झोपला होता म्हणतेस. कसा?"

मला प्रश्न कळला. आमच्या घरी तो कधी आडवा झोपलाच नाही. छातीवर बसून, कान उभे ठेवून, कुणी उठ म्हणण्याआधी उठता यावं अशा डुलक्या घ्यायचा.

"कुशीवर," मी म्हणाले. "पाय ताणून. तोंड उघडं टाकून."

मग आक्का म्हणाल्या, "उठवलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. फोन त्यांनीही ठेवला नाही, मीही ठेवला नाही.