टोपीतला उंट शोधणारा वाचक

माझ्या धाकट्या बहिणीला ग्रंथालयात सगळे 'मोजणीबाई' म्हणतात. ती पुस्तकं मोजत नाही, माणसांचं शोधणं मोजते. वाचक तिथल्या संगणकावर काय टाइप करतात, कुठलं पुस्तक उघडून बघतात, कुठे कंटाळून उठतात, हे यंत्र टिपून ठेवतं आणि ती त्याचा अहवाल करते. मी आयुष्यभर रंगमंचावरून अंधारातल्या खुर्च्या न्याहाळल्या. नाटक कुठे पडतंय ते मला प्रेक्षकांच्या खोकल्यावरून कळायचं. तिचं कामही त्याच जातीचं, फक्त तिला खोकला ऐकू येत नाही.

त्यांची एक रीत आहे. शोध नीट चालतो का, हे कर्मचारी स्वतः टाइप करून बघतात. ते वाचकांत धरलं जाऊ नये म्हणून प्रत्येकानं आपापले खुळे शब्द ठरवलेले, शहाणा माणूस कधी शोधणार नाही असे. अहवालात ते दिसले की वजा करायचे. तिच्या शेजारी बसणाऱ्या अण्णांचे होते, 'टोपीतला उंट'. मुलांच्या दालनातला संगणक अण्णांनी भांडून मिळवलेला. रोज दुपारी जाऊन ते तो तपासत.

अण्णा वारले. काही दिवसांनी अहवालात उंट परत आला. रोज दुपारी, त्याच संगणकावरून.

"कुणीतरी टवाळखोर असेल गं," मी म्हणालो.

"दादा, दुपारी ते दालन बंद असतं. किल्ली माझ्या पर्समध्ये."

माझ्या हातातला चहा निवला.

त्यातच ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, ज्या दालनात शोध कमी, ते बंद करून तिथे कोठार करायचं. उंट वजा केला तर मुलांच्या दालनात फारसं काही उरतच नव्हतं. आणि घरी संगणक नसलेली मुलं सुट्टीला तिथेच यायची. बहीण दोन दिवस नीट जेवली नाही.

"नियम आहे ना? कर वजा," मी म्हणालो.

"नियम कर्मचाऱ्यांसाठी आहे. अण्णांचं नाव पटावरून कमी झालं. आता ते वाचकच ना?"

तिनं उंट ठेवला आणि अहवाल दिला. अध्यक्ष हसले. "बाई, तुमचा हा चोखंदळ वाचक मला दाखवा बरं!"

दुपारी आम्ही तिघं गेलो. मी आपला आगंतुक, पण नाट्य घडणार म्हटल्यावर घरी कोण बसतो? बहिणीनं कुलूप काढलं. आत पडदे ओढलेले, छोट्या खुर्च्या रांगेत. एकच खुर्ची मागे सरकलेली. संगणकाचा पडदा उजळलेला, आणि शोधाच्या चौकटीत अक्षरं उमटत होती. सावकाश, एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसासारखी.

अध्यक्षांनी बसायला म्हणून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बसा, बसा," ते खुर्चीला म्हणाले. "चालू द्या तुमचं."

भुतांच्या भूमिका मी पुष्कळ केल्या. एवढी शांतता मला एकदाही मिळाली नाही.

पाठ न वळवता आम्ही बाहेर आलो. अध्यक्षांनी दार हळूच लोटलं, घाम पुसला.

"त्यांचं सभासद कार्ड आहे?"

"नाही," बहीण म्हणाली.

"मग करून टाका. आणि उद्यापासून दुपारीही दालन उघडं ठेवा. वाचकाला असं कोंडून ठेवतात का?"