नवसाचा कोंबडा

कडुनिंबाचा मोहोर गळू लागला, की चिकलठाण्यातल्या आमच्या परसात सकाळी एक कडवट-गोड गंध दाटून राहतो. यंदाच्या चैत्रात मला तो गंध नकोसा झाला होता. कारण त्याच कोवळ्या उन्हात सुमनने, माझ्या पत्नीने, वॉकर धरून परसाला फेऱ्या घालाव्यात असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि नेमका त्याच वेळी तो कोंबडा मान फुगवून, एक पंख जमिनीला घासत तिच्यावर चालून यायचा.

दिवाळीनंतर अर्धांगवायूने सुमनची डावी बाजू लुळी पडली. माझी धाकटी बहीण कमल दौलताबादहून हा तांबडा कोंबडा घेऊन आली, तिने तो वहिनीच्या अंगावरून तीनदा उतरवला आणि म्हसोबाला नवस बोलली, "वैनी आपल्या पायानं तुझ्या दारी आली, की ह्यो तुझा." नवसाचा कोंबडा तोवर विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही. कमल गेली, आणि आमच्या तीन गरीब कोंबड्यांत हे महाराज मुक्कामाला राहिले.

फाल्गुनापर्यंत त्याला तुरा आला आणि मस्तीही आली. माझ्या पोटऱ्या त्याने सोलून काढल्या, त्याचं मला काही नव्हतं. पण एकदा त्याने झेप घेऊन पायामागचा काटा सुमनच्या लुळ्या पायात रुतवला. रक्ताची धार लागली आणि तिला ते कळलंसुद्धा नाही! मी धावत जाऊन जखमेवर फडकं दाबून धरलं. त्या दिवसापासून तिने उंबरा ओलांडला नाही.

मी छत्री उघडून पाहिली, पाण्याच्या बादल्या ओतल्या, पुढ्यात दाणे टाकून मनधरणीही केली. खुराड्यात कोंडला, तर जाळीवर डोकं आपटून तो रक्तबंबाळ झाला, आणि अंगाला खोट असलेला कोंबडा देवाला चालत नाही. परत ने म्हटलं, तर कमल फोनवर म्हणाली, "उतरवलेला जीव माघारी नेत नसतेत, दादा." सुमन चालेपर्यंत कोंबड्याला कापता येत नव्हता आणि तो असेपर्यंत ती चालणार नव्हती. पाय असाच पडून राहिला तर आखडेल, मग इलाज नाही, असं डॉक्टर सांगत होते, आणि कारखान्यात उभा जन्म बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारा मी, एका पाखरापुढे हात टेकून बसलो होतो.

अखेर एका दुपारी, ऊन भिंतींवरून परावर्तित होऊन डोळ्यांत खुपत असताना, मी ओलं पोतं टाकून त्याला धरला. देव कोपायचा तर माझ्यावर कोपू दे, असं मनाशी म्हणत पोत्याचं तोंड बांधलं. गोणपाटाआडून त्याचं अंग हाताला उबदार आणि नवल वाटावं इतकं हलकं लागलं. इतके दिवस ज्याला मी राक्षस समजत होतो, त्याचं काळीज भीतीने धडधड उडत होतं.

"अहो, कुठं नेताय त्याला?" दारात खुर्चीवर बसलेल्या सुमनने विचारलं.

"शेंद्र्याला. बाजारात विकून टाकतो. सुटशील तू."

"नका नेऊ."

तिच्या आजारपणात पहिल्यांदाच माझा आवाज चढला. "त्याच्यापायी पाय गमावून बसशील, कळतंय का तुला?"

तिने आपल्या लुळ्या पायाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "आज समदे म्हणतेत, कोंबड्याच्या भ्यानं चालत नाय बिचारी. उद्या ह्यो नसला, अन् तरीबी पाय उचललाच नाय, तर मी काय सांगू?"

घरातल्या घरात वॉकर धरूनही तिचा पाय नुसता फरफटत यायचा, हे मी रोज पाहत होतो. आणि ते पाहावं लागू नये म्हणूनच बहुधा रोज सकाळी सगळा राग त्या कोंबड्यावर काढत होतो. खरी भीती कोंबड्याची नव्हतीच, ना तिला, ना मला.

मी पोतं सावलीत ठेवलं, खाली तिच्या पायाशी बसलो, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही दोघं, तो पाय बरा झालाच नाही तर काय करायचं, हे बोलायला लागलो.