शेजारच्या आजींचं कडं

चांदी घासायच्या पावडरीचा वास आला की नायमेखन या डच शहरातल्या आमच्या शेजारच्या आजी आठवतात. लॉकडाउनमध्ये त्या एकट्याच असायच्या. मी त्यांचं सामान दारात ठेवायचे आणि लांब उभी राहून चार शब्द बोलायचे. एकदा त्यांनी रुमालात गुंडाळलेलं काळवंडलेलं चांदीचं कडं पायरीवर ठेवलं. त्यांचे पणजोबा तरुणपणी अमेरिकेच्या सैन्यात होते. तिथल्या एका आदिवासी जमातीशी लढाई झाल्यावर त्यांनी ते रणांगणावरून उचलून आणलं होतं. “नातीला वाढदिवसाला द्यायचंय, घासून देशील का?” आजींनी विचारलं. घासता घासता मी ते सहज माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या हातात घातलं, तर अगदी बरोबर बसलं. परत देताना मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी कडं तळहातावर ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, “आमच्याकडे सगळे म्हणायचे, हे एका योद्ध्याचं आहे.” कडं त्या लोकांना परत करायचं त्यांनी ठरवलं. पणजोबांच्या पत्रात त्या जमातीचं नाव होतं. त्यावरून आम्ही त्या जमातीचं संग्रहालय शोधलं, मी इंग्रजीत ईमेल लिहिली, आणि काही आठवड्यांनी कडं पार्सलने रवाना झालं. ते पोचल्याचं कळलं तेव्हा मी विचारलं, “आता बरं वाटतंय ना?” “नाही,” आजी म्हणाल्या, “पण ते तिथेच असायला हवं होतं.” तेव्हा मला त्यांची समजूत घालावीशी वाटली होती, घातली नाही, याचं आज समाधान वाटतं.