आधी दाणा बघ

“काका, अमक्या पक्षाचा नेता असं म्हणाला,” असं कोणी सांगायला लागलं की मसूरकाका हाताचा पंजा पुढे करून त्याला थांबवायचे. “नेता राहू दे. म्हणाला काय ते सांग.” मग समोरचा अडखळायचा, कारण म्हणाला काय हे बहुतेकांना ठाऊकच नसायचं.

इथे कॅनडात, रेजिनात, त्यांची सगळी नोकरी धान्याच्या प्रयोगशाळेत मसुराचे नमुने तपासण्यात गेली. पिशवीवर शेतकऱ्याचं नाव नसे, नुसता नंबर. वशिलेबाजी नको म्हणून. दाणे ट्रेमध्ये पसरायचे, फुटके, डागाळलेले बाजूला काढायचे, प्रत ठरवायची. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. रोज सकाळी कात्री घेऊन पेपरातली पुढाऱ्यांची नावं कापायचे आणि भेटलो की भोकं पडलेला पेपर आमच्यापुढे टाकायचे. “आधी दाणा बघ, मग शेतकरी विचार.” मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

काकू गेल्यावर त्यांना मराठी मंडळाशिवाय दुसरं घर उरलं नव्हतं. मुलगा तिकडे टोरांटोजवळच्या व्हिटबीहून सारखा बोलवायचा. “तुझ्या कॉन्डोत मी बोलू कोणाशी? फ्रीजशी?” म्हणून काका त्याला उडवून लावायचे. गणपतीला दीडशे माणसांची मसुराची उसळ त्यांच्याच हातची असायची. भाद्रपद जवळ आला की त्यांच्या बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, जिकडेतिकडे मोड यायला बांधलेली फडकी.

मग ते खूळ आलं. आपल्या प्रांताने कॅनडातून बाहेर पडावं का, आणि पडलो तर उरलेल्या कॅनडाशी व्यापाराचा करार कसा करायचा. मंडळाची सरळ दोन शकलं झाली. काकांचे चाळीस वर्षांचे दोस्त, आमचे डॉक्टर, ‘बाहेर पडा’वाले. “दोन दिवसांत करार होतो बघा! आपल्या गव्हाशिवाय खातील काय ते?” आमचे अध्यक्ष आणि मी ‘राहा’वाले. आमचंही डोकं काही ठिकाणावर नव्हतं. “जाऊ देत, मग एक दाणा घेऊ नका त्यांचा,” असं आम्ही म्हणायचो. म्हणजे आपल्याच प्रांताचा! काका दोघांवर भडकायचे. “अरे, दोन भाऊ वेगळे झाले तर पाटा-वरवंटा कोणाकडे हे ठरायला सहा महिने लागतात. आणि तुम्ही देश वाटायला निघालात, कागद न वाचता?”

एका रविवारी मंडळाच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना दोन कागद वाटले. दोन पक्षांनी कराराचे जे मसुदे मांडले होते तेच, फक्त नावं कापलेली. पहिल्यात होतं, जकात नको, पण नियम कॅनडाचेच पाळू. दुसऱ्यात, नियम ज्याचे त्याचे, मग सीमेवर प्रत्येक ट्रक उघडून बघितला जाईल. डॉक्टर गरजले, “पहिला म्हणजे शरणागती! दुसऱ्यात स्वाभिमान आहे.” अध्यक्षांनी आणि मी पहिल्यावर खूण केली, किती समजूतदार म्हणून मानही डोलावली. काकांनी खिशातून कापलेली नावं काढून टेबलावर ठेवली. पहिला डॉक्टरांच्या पक्षाचा होता. दुसरा आमच्या.

हसायला हवं होतं हो आम्ही! पोट धरून हसायला हवं होतं. पण डॉक्टर ओरडले, “धिस वॉज अ ट्रॅप!” आणि कोट उचलून चालते झाले. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद.

आठवड्याने कमिटीत ठराव आला, कार्यक्रमात राजकारण नको असा काहीतरी. मी सेक्रेटरी. वाचलाच नाही मी तो. खाली सही आपल्या अध्यक्षांची आहे एवढं पाहिलं आणि हात वर केला. समोर डॉक्टरांचाही हात वर होता. वर्षभरात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

पत्र पोचवायला मीच गेले. काका उसळीची फडकी सोडत होते. हात पुसून त्यांनी ते वाचलं. “तुझा हात वर होता?”

“हो काका. कार्यक्रमात राजकारण नको, एवढा साधा नियम आहे.”

त्यांनी कात्री घेतली, खालची सही कापली आणि कागद माझ्या हातात दिला. “आता वाच.”

मी मोठ्याने वाचायला लागले. सभासदत्व रद्द. गणपतीच्या स्वयंपाकातून मुक्त. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला येऊ नये. काकांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “मोड छान आलेत. घेऊन जा. लोकांना कशाला उपाशी ठेवायचं?”

आणि मी नेलं! गणपतीला काकांच्या मसुराची उसळ मीच केली. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. “झकास! कोणाची ही?” मसूर काकांचे, मी सांगितलं. त्यांनी अर्धी वाटी खाली ठेवली आणि ताक मागितलं.

काकांनी घर विकलं. एअरपोर्टवर सोडायला मी एकटीच होते. “फोन करत जा हं,” म्हणाले. व्हिटबीत त्यांचा एक हिवाळासुद्धा पुरा झाला नाही.

गेल्या आठवड्यात मंडळाचं शोकपत्र आलं, सह्यांसाठी. अध्यक्षांची सही होती, तिच्याशेजारी डॉक्टरांची. माझी जागा मोकळी सोडलेली. मी आधी दोन्ही सह्या कापल्या आणि मग वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. ‘मंडळाचे आधारस्तंभ. अखेरपर्यंत मंडळाशी नातं जपलं.’

अध्यक्षांचा फोन आला, “अगं, सही राहिलीये तुझी.”

“राहिली नाही,” मी म्हटलं. “या वेळी वाचलंय मी.”